काळी तीन

नोएडाच्या आमच्या फ्लॅटचं छत पातळ होतं. वरच्या मजल्यावर कुणी लाटणं खाली ठेवलं तरी आम्हाला कळायचं. पण बरेच महिने वर कुणी नव्हतंच. बाजूलाही नव्हतं, समोरचा ब्लॉक तर नुसत्या विटांचा उभा होता, आणि त्याच्या रिकाम्या खिडक्यांतून वारा असा वाजायचा की बाबा म्हणत, सरकारने आपल्याला घराबरोबर बासरीवालाही दिलाय. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नदीपलीकडे आलो तेव्हा घरात माणसं दोनच होती, बाबा आणि मी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा एका मंत्रालयाच्या बांधकाम विभागात नकाशे काढायचे, मी बारावीत होते. सकाळी सहाला उठून डबे भरायचे, सातच्या बसला लटकायचं, बाबांनी आपल्या ऑफिसकडे आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेकडे. घरी मी आधी पोचायचे, चारच्या सुमारास. कुलूप काढायचं, खिडकीतली धूळ पुसायची, लाइट आहे का बघायचं. बहुतेक वेळा नसायची.

स्वयंपाक आम्ही वाटून घेतला होता. मी पोळ्या, बाबा बाकीचं. बाकीचं म्हणजे चार गोष्टी: पिठलं, बटाट्याच्या काचऱ्या करून भाजी, मुगाची खिचडी, आणि हिवाळ्यात मटार घातलेलं जे काही असेल ते. ड्राफ्ट्समन माणूस, त्यामुळे काचऱ्या एका जाडीच्या. रविवारी दडपे पोहे असत, आणि पोह्यांबरोबर आईची कॅसेट. हा आमच्या घरचा नेम होता. नऊ वाजता बाबा टेपरेकॉर्डरवरचं भरतकामाचं फडकं काढत, कॅसेट घालत, आणि आई एक भजन म्हणे. पेटी नाही, तबला नाही, नुसता आवाज. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. भजन संपलं की एक खुर्ची सरकल्यासारखा आवाज येई, मग खट्. तेवढंच होतं. आईच्या आवाजाची आमच्याकडे दुसरी कॅसेट नव्हती. दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळांत ती वर्षानुवर्षं गायली, पण ते कुणी जपून ठेवलं नाही. तेव्हा कुणाला काय माहीत.

मी त्या पोह्यांच्या वेळी रडत वगैरे नसे. खोबरं किसत असे. आई रविवारी येते, सोमवारी बस पकडायची असते, अशी ती व्यवस्था होती आणि मला व्यवस्था आवडतात. एकच गोष्ट मला तेव्हा खटकायची, पण तिचा आणि आईचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. घराबाहेर कुठेही गाणी लागली, लग्नात, पानाच्या टपरीवर, की मला ती ढिली वाटत. घरी तेच गाणं असं चटपटीत आणि बाहेर असं झोपाळू. मला वाटायचं आपलं मशीन चांगलं आहे.

मग वर इबा राहायला आली. ती शिलाँगची, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी, एक्सपोर्टचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात नमुने तपासायची नोकरी करायची. एकटी राहायची, म्हणून खालच्या बायका तिच्याबद्दल बोलायच्या. काळे तीळ वाटून ती मटण का काय शिजवायची, म्हणून आणखी बोलायच्या. बाबांना त्या तिळाचा वास जिन्यात आला तेव्हा ते दोन पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, "कारळाची चटणी करतंय का कुणी?" पुढे त्यांनी तिला ते विचारलंही. तिने वाटीभर तिळाचा कूट पाठवला. बाबांनी त्यात लसूण घालून पोळीशी खाल्ला आणि जाहीर केलं की ही मुलगी आपल्यातली आहे.

पण वास नंतरचा. आधी आला तो आवाज. शनिवारी दुपारी मी गणितं सोडवत बसले होते आणि छतातून काहीतरी जड ओढत नेल्यासारखं वाटायला लागलं. मला वाटलं कपाट हलवतेय. कपाट थांबलं. पुन्हा ओढलं. त्याच अंतराने, तितकंच, पुन्हा. माझी पेन्सिल थांबली. मी वाट बघत होते की पुढचा धक्का कधी येतो, आणि तो मला वाटलं त्याहून नेहमी थोडा उशिरा यायचा. त्या उशिराच्या जागेत जिन्यात एक पायरी कमी निघावी तसं व्हायचं. मग त्यावर एक पुरुष गायला लागला. ओरडत नव्हता. चर्चमध्ये किंवा स्मशानात गावं तसा सरळ, लांब, उभ्याने. शब्द एकही कळला नाही. अंगावर काटा आला, हे मी मान्य करते; मला सहसा येत नाही.

मी वर गेले. तक्रार करायला गेले होते असं मी तिला सांगितलं. इबा दारात हातात कात्री घेऊन उभी होती.

"तुम्हारा मशीन खराब है," मी म्हटलं. "स्लो चल रहा है."

ती हसली. "मशीन ठीक है. गाना ही ऐसी है. इसको डूम बोलते हैं. हेवी मेटल म्यूज़िक में सबसे स्लो."

"इतना स्लो क्यों?"

तिने खांदे उडवले आणि कॅसेटच माझ्या हातात दिली. "ले जाओ. अकेले सुनना. पढ़ाई करते हुए मत सुनना."

बाबांना संध्याकाळी सांगितलं तर ते म्हणाले, "डूम म्हणजे डमरूपैकी काही का?" मी म्हटलं, बघते.

आता माझी चूक सांगते. मी ती कॅसेट आमच्या मशीनवर लावली. इबाकडच्यापेक्षा ती जरा बरी चालत होती, पण तरी रांगतच होती. माझा इबावर विश्वास बसला नाही. इतकं सावकाश कुणी मुद्दाम वाजवेल हे माझ्या डोक्यातच शिरेना. आमच्याकडे यूपीची वीज, व्होल्टेज सदा पडलेलं, पंखा रडत फिरायचा. त्यात टेपरेकॉर्डरचा पट्टा जुना. मला वाटलं पट्टा ढिला झालाय. ड्राफ्ट्समनची मुलगी, हत्यारं घरात. मी मागचे चार स्क्रू काढले. पट्टा चांगला घट्ट होता. पण मोटरच्या पाठीत एक बारीक भोक दिसलं, आत पितळेचा स्क्रू. फिरवून बघितला, तर गाण्याने वेग घेतला. आणखी फिरवला. गाणं धावायला लागलं, आणि धावायला लागल्याबरोबर त्यातलं सगळं निघून गेलं. साधं, दणदणीत, कुठल्याही मिरवणुकीत चालेल असं काहीतरी उरलं. मी समाधानाने झाकण लावलं. दुरुस्ती झाली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांनी फडकं काढलं, कॅसेट घातली, आणि एक आठदहा वर्षांची पोर चिरक्या आवाजात आईचं भजन म्हणायला लागली.

कुकरची शिट्टी तर चिमणीसारखी आली. मला हसू फुटलं, खरंच फुटलं, आणि मग बाबांचा चेहरा दिसला. त्यांनी बटण दाबलं. मी म्हटलं, "मी स्क्रू फिरवलाय बाबा. लगेच ठीक करते." ते म्हणाले, "राहू दे." मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. "मने, राहू दे म्हटलं ना," म्हणाले आणि पोहे ताटलीत तसेच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. रागावले असते तर मला चाललं असतं.

दोन मिनिटांचं काम नव्हतं. स्क्रू आधी कुठे होता हे मी बघून ठेवलं नव्हतं. आज माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. आम्ही कारखान्यांची मोजमापाची उपकरणं तपासून देतो, आणि आमच्याकडे नियम आहे: हात लावण्याआधी खूण करायची. तो नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

त्या आठवड्यात रोज चार ते सहा, बाबा यायच्या आत, मी झाकण उघडून बसायचे. थोडा डावीकडे, कॅसेट लाव, ऐक. थोडा उजवीकडे, मागे घे, ऐक. सोमवारी आई मावशीसारखी वाटली. मंगळवारी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसारखी. बुधवारी लाइट गेली. गुरुवारी एक थकलेली, अनोळखी बाई आली, आणि ती इतक्या जवळून गायली की मी उठून दिवाणखान्यातला दिवा लावला. शब्द तेच, कुकर तोच, आणि दर वेळी वेगळी बाई. प्रत्येकजणी म्हणत होती मीच. शुक्रवारी मी मशीन बंद करून डोळे मिटले आणि खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला, ताडून बघायला. तो आला नाही. फिरवून फिरवून मी तो माझ्या डोक्यातूनही घालवला होता. भिंतीवर आईचा फोटो होता आणि तोंड मिटलेलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती मेली आहे. आधी जे माहीत होतं ते निव्वळ माहीत होतं.

शनिवारी मी टेपरेकॉर्डर भाजीच्या पिशवीत घातला, वर स्वेटर टाकला, खिशात बारीक पेचकस, आणि करोल बागला सोनटक्केकाकांकडे गेले. काका बाबांच्याच ऑफिसात हिशेबनीस होते आणि मंडळाच्या कार्यक्रमांना पेटी वाजवायचे. आईला त्यांनी किती वर्षं साथ केली होती. त्यांची खोली कापडाच्या दुकानांच्या वर होती; खालून "आओ जी, आओ बहनजी" चालू, वर काका बनियनवर उन्हात बसलेले.

"काय गं, नोएडावाले? तिकडे माणसं राहायला लागली का?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते गंभीर झाले, पेटीवरचं कापड काढलं.

"अच्छा. सोपं आहे. वहिनींची पट्टी काळी चार. बिल्कुल. यात वाद नाही."

पेटीवाल्यांची ही भाषा मला घरात ऐकून ठाऊक होती. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. जिला सा मानून तुम्ही गाता ती तुमची पट्टी. काळी चार म्हणजे डावीकडून चौथी काळी. गाणारा माणूस आपली पट्टी सहसा सोडत नाही. काका म्हणाले, "एकदा एका नव्या पेटीवाल्याने चुकून काळी तीन धरली, एकच काळी खाली, तर वहिनींनी भर कार्यक्रमात गाणं थांबवलं. म्हणाल्या, हा माझा आवाज नाही." त्यांनी काळी चार दाबून धरली, भाता हलवत राहिले. मी कॅसेट लावली आणि पेचकस फिरवत गेले. आईचा सा त्या सुराजवळ आला, घासला, थरथरला, आणि मग एकदम त्यात विरघळून गेला. काकांनी मान हलवली. काकू आतून हात पुसत आल्या आणि दारात थांबल्या. "बाई गं," म्हणाल्या, "कुमुदच." रविवारची आई परत आली होती. मी पेचकस खिशात घातला.

"आणि हे दुसरं काय पिशवीत?" काकांनी इबाची कॅसेट उचलली. मी म्हटलं, इंग्रजी आहे, तुम्हाला नाही आवडायचं. लाव तर, म्हणाले. सबंध एक गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. खालून कुणीतरी ओरडून सुटाच्या कापडाचा भाव सांगत होतं.

"खर्जात आहेत लेकाचे," ते म्हणाले.

मला खर्ज माहीत नव्हता, खरूज माहीत होती. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांचं मराठी असंच होतं, भोकं पडलेलं. काका हसून हसून खोकले. मग पेटीवर अगदी खालच्या पट्ट्या दाबून दाखवल्या. "हा खर्ज. तळ. तारा ढिल्या करून बसलेत मुद्दाम. आणि हे बघ काय करतात. सा वरून निघाले. आता माणूस पंचमावर जाऊन बसेल, आराम करेल. हे जात नाहीत. एक पायरी अलीकडे, तीव्र मध्यमावर, थांबतात." त्यांनी ते दोन सूर एकत्र दाबले आणि खोलीतली हवा बदलली. "घराच्या दारापर्यंत यायचं आणि आत जायचं नाही. आपल्याकडे मारवा असा असतो, दिवस बुडतानाचा. पण हे त्याच्याही पलीकडे सावकाश. कोण आहेत हे?"

"माहीत नाही काका. वरच्या मजल्यावरची ऐकते."

"तिचं कोण गेलंय?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी पोह्यांना आई वेळेवर आली. बाबांनी शेवटच्या खुर्चीच्या आवाजापर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बरं झालं." पण उठून आत गेले ते माझ्याकडे न बघता. मला वाटलं त्यांना अजून राग आहे.

इबाची कॅसेट परत करायला गेले तेव्हा तिला काकांचा प्रश्न विचारला. मी असल्या गोष्टी घोळवत नाही. ती नमुन्याच्या शर्टाची शिवण उसवत होती, हात न थांबवता म्हणाली, "मम्मी." मग थोड्या वेळाने, "हमारे यहाँ कोई मरता है तो सब आके बैठते हैं. तीन दिन. गाते हैं, खाते हैं, बैठे रहते हैं. कोई जल्दी नहीं. मैं यहाँ वापस आई तो सब बोलते हैं, चलो. बस में भी चलो, फैक्टरी में भी चलो. चलो चलो, आगे चलो." तिने कंडक्टरसारखा दरवाजा थोपटून दाखवला. "ये लोग चलो नहीं बोलते."

तिने कॅसेट लावली आणि आम्ही जमिनीवर बसून ऐकली. मी पहिल्यांदाच ती काही न करता ऐकत होते. मग मला जाणवलं की ही आमच्या घरच्यापेक्षा जड आहे. प्रत्येक ठोका जरा उशिरा. मी म्हटलं, तुझं मशीन खरंच स्लो आहे. ती म्हणाली, "काग़ज़ देखो ना. लिखा है." कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद मी तोवर उघडला नव्हता. त्यावर प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं छापली होती. या गाण्याला नऊ मिनिटं. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. इबाच्या मशीनवर गाणं नऊ मिनिटांत संपलं. कॅसेट पुन्हा मागून घेतली, खाली आले, आमच्यावर लावली. आठ मिनिटं.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा लावलं. आठ मिनिटं.

म्हणजे मशीन आमचं चुकत होतं, आणि काकांनी काळी चारवर बसवून दिलेलं असताना चुकत होतं. कॅसेट याच मशीनवर भरलेली होती, हे मला ठाऊक होतं; म्हणजे भरल्यानंतर कुणीतरी त्याचा वेग वाढवला होता. मी बराच वेळ मटार सोलत बसले. विचार करताना हाताला काम लागतं मला. मग नेलपॉलिशने स्क्रूपाशी एक लाल खूण केली, काळी चारची, आणि त्या नऊ मिनिटांच्या गाण्यावर मशीन लावायला घेतलं. ऐकायचं, मोजायचं, केसभर फिरवायचं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, नऊ मिनिटं बरोबर. दिवस मावळत होता, समोरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये वारा वाजत होता. तिथे दुसरी लाल खूण केली. आईची कॅसेट घातली.

ती गुरुवारची बाई आली. थकलेली, अनोळखी, खालच्या आवाजाची. तिला प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास पुरत नव्हता, आणि ती ते लपवत होती. घाई करून नाही, उलट थांबून. ओळ, मग जागा, मग पुढची ओळ, माझ्या अपेक्षेहून थोडी उशिरा. ही चाल मला वरच्या मजल्याने आधीच शिकवलेली होती, नाहीतर मी दुसऱ्या ओळीला बंद केलं असतं. भजन संपलं. मग तो खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो खुर्चीचा नव्हता. ती खोकली होती.

"कुठून काढलीस ही?" बाबांनी विचारलं.

ते किल्लीने दार उघडून केव्हा आत आले ते मला कळलं नव्हतं. एक बूट पायात, एक हातात. मी त्यांना कागद, नऊ मिनिटं, आठ मिनिटं, सगळं सांगितलं. ते कॉटवर बसले.

"काळी तीन," ते म्हणाले. "शेवटी तिचा आवाज तिथे उतरला होता. तू मावशीकडे होतीस." शेवटचे आठ महिने मला सांगलीला पाठवलं होतं. परत आले ते सगळं आटोपल्यावर.

"मग मशीन जलद कुणी केलं?"

"मी." ते बुटाची नाडी सोडवायला लागले, जो पायात नव्हता त्याची. "तू सांगलीहून आलीस तेव्हा ही कॅसेट लावली तुझ्यासाठी. तुझ्यासाठीच भरली होती तिने. तू दोन ओळी ऐकल्यास आणि म्हणालीस, ही आई नाही. बंद करा, ही आई नाही. जेवेनास. मग मी मागचं झाकण काढलं. थोडं थोडं फिरवत गेलो, तू समोर बसली होतीस. एका जागी म्हणालीस, आता आली."

मला यातलं काहीही आठवत नाही. तेव्हाही आठवलं नाही, आज एवढं लिहूनही नाही. आपणच ज्याला कारण असतो ते कधीकधी आपल्याला साफ माहीत नसतं. हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाहीये, मला त्याचा अजून राग येतो.

"आणि तुम्ही सहा वर्षं..."

"मला दोन्ही माहीत होत्या," बाबा म्हणाले. "तुला एक हवी होती."

"मी बिघडवलं तेव्हा तुम्ही हात का नाही लावलात?"

"पुन्हा मलाच ठरवावं लागलं असतं, कुठे थांबायचं."

बाबांनी दुसरा बूट काढला, दोन्ही दाराशी नीट जोडून ठेवले, परत येऊन कॅसेट मागे घेतली आणि पहिल्यापासून लावली. या वेळी मी स्वयंपाकघरात गेले नाही. काळी तीनमधली आई मला आवडली असं नाही. ती माझ्या ओळखीची नव्हती. पण ती आठ महिने तिथे होती आणि मी नव्हते, आणि तिने श्वास पुरत नसताना माझ्यासाठी एक अख्खं भजन उभं केलं होतं, आणि मी तिला ओळखलं नव्हतं. निदान बसून ऐकणं भाग होतं.

खोकल्यानंतर खट् झालं. मग बाबा म्हणाले, "ते तुझं डमरू लाव बघू." मी इबाची कॅसेट लावली. मटार अर्धे सोलायचे होते. बाबांनी ताट मांडीवर घेतलं. नऊ मिनिटं ते शेंगा सोलत होते आणि शेंगा त्या ठोक्यांच्या मागेमागे फुटत होत्या. शेवटी म्हणाले, "घाई नाही या लोकांना." त्यांच्याकडून ही शाबासकी होती. ते नकाशावरची रेघ मारतानाही असंच म्हणत.

इबा दोन वर्षांनी गेली, ती कॅसेट मलाच देऊन. माझ्याकडे ते संगीत राहिलं. आज एक्सप्रेसवेवर गाडीत मी तेच लावते. माझ्या ऑफिसातल्या मुली म्हणतात, मॅडम, डिप्रेसिंग आहे. मी म्हणते, नाही गं, बरोबर वेगाचं आहे. त्यापुढे समजावत नाही.

बाबा निवृत्तीनंतर त्याच फ्लॅटमध्ये राहिले. मी लग्न करून दुसऱ्या सेक्टरमध्ये गेले, समोरचे ब्लॉक भरले, वाऱ्याला वाजायला खिडक्या उरल्या नाहीत. रविवारी मी जायचे तेव्हा कधी पोहे असत, कधी नसत. कॅसेट ते आता एकटे ऐकत, मी विचारत नसे. ते गेल्यावर घर आवरताना टेपरेकॉर्डर भरतकामाच्या फडक्याखाली होता, कॅसेट आत. लावली. काहीतरी चुकत होतं. आई काळी तीनच्याही खाली गेली होती, पांढरी चारवर, सोनटक्केकाका असते तर त्यांनी सांगितलं असतं. घड्याळ लावलं. साडेचार मिनिटांचं भजन पावणेपाच मिनिटं चाललं. जुना पट्टा ढिला होतो, मला ते चांगलं ठाऊक आहे, माझा धंदाच आहे तो. म्हणून मी झाकण उघडलं. पट्टा नवा होता. भोकाच्या कडेला माझ्या दोन लाल खुणा अजून होत्या, फिक्या पडलेल्या. स्क्रू दोन्हींवर नव्हता. तो दुसरीच्याही पुढे, आणखी सावकाशीकडे फिरवलेला होता, आणि जिथे थांबवला होता तिथे नकाशाच्या पेनाने मारलेली एक बारीक काळी रेघ होती, अगदी सरळ.